न वाळणारं पान

आबांना जाऊन नऊ आठवडे झाले होते, आणि दुपारी बरोबर तीन वाजता घड्याळवालीच्या टेबलावरून आबा बोलले.

"तीन वाजले. ज्यांचं काम झालंय त्यांनी खुर्ची सोडा, मागं म्हातारी माणसं उभी आहेत."

घड्याळवालीच्या हातातून पेचकस निसटला आणि टेबलाखाली गेला. दारात तिची आई वाटाणे सोलत बसली होती. तिची बोटं शेंगेतच थांबली.

"कोण गं ते?"

"कुणी नाही. मशीन आहे."

"मशीनला म्हाताऱ्यांची एवढी काळजी?" आई म्हणाली, आणि मग तिलाही आवाजाची ओळख पटली. टोपली मांडीवरून खाली ठेवून ती उठली आणि आत निघून गेली. उन्हातून एकदम सावलीत गेल्यासारखी, मागं न बघता.

तो आवाज घड्याळवालीनंच तीन वर्षांपूर्वी भरला होता. याच खोलीत, याच टेबलाशी. आबा तेव्हा वस्तीच्या ऑफिसात बसायचे. ऑफिस म्हणजे पाण्याच्या टाकीला चिकटलेली एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर. त्याआधी तीस वर्षं त्यांनी शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली होती. घंटा सुटली तरी हाताची सवय सुटेना. दर तासाला ते उगाच उठून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी घड्याळवालीकडे आले.

"पोरी, तू लोकांच्या कॉम्प्युटरवर घड्याळं काढतेस म्हणे. मला एक काढून दे. पण बोलणारं. आणि माझ्याच आवाजात बोलणारं, दुसऱ्या कुणाचं ऐकायची लोकांना सवय नाही."

घड्याळवाली हे तिचं नाव नव्हतं, पण खरं नाव आता फक्त आईच्या तोंडी उरलं होतं. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून ती चौकातल्या छापखान्यात टायपिंगला. तिथल्या मशीनवर तिला कुणी काही शिकवलं नाही. तिनं मोडून मोडून शिकून घेतलं. पहिलं घड्याळ मालकाच्या स्क्रीनवर गंमत म्हणून काढलं. कोपऱ्यात एक डायल, शेजारी मशीन किती तापलंय, मेमरी किती भरलीय, डिस्कवर जागा किती उरलीय, याच्या पट्ट्या. घड्याळ आणि पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम फुकटात मिळतो, कुणीही टाकून घ्यावा. त्याला अंगडं-टोपडं शिवावं घड्याळवालीनंच. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला तिनं स्पीडोमीटर दिला, मशीन जोरात पळायला लागलं की काटा लाल पट्टीत जायचा. मास्तरांना काळा फळा, त्यावर खडूचे आकडे. खानावळवालीला पातेलं, मशीन तापलं की त्याचं झाकण थडथडायचं. खानावळवाली एकदा ते झाकण बघून सवयीनं गॅस बंद करायला धावली होती, ही गोष्ट घड्याळवाली वर्षभर सगळ्यांना सांगत होती.

आई म्हणायची, "जे भिंतीवर टांगता येत नाही ते घड्याळ कसलं? लाइट गेली की वेळपण गेली."

"तुझ्या भिंतीवरचं तरी कुठं चालतंय?"

"चालत नसलं तरी दिसतं."

घड्याळवालीची कामाची एक पद्धत होती. या अंगड्या-टोपड्याला थीम म्हणतात, आणि थीम म्हणजे शेवटी एक लांबलचक फाइल असते, ओळीखाली ओळ. डायल काढताना, पट्टी रंगवताना तिथं कुठला तरी आकडा दिसावा लागतो, नाहीतर रंग कसा उठतोय ते कळत नाही. म्हणून काम चालू असेपर्यंत ती प्रत्येक ठिकाणी एक खोटा आकडा भरून ठेवायची. सगळीकडे एकच: बासष्ट. सगळं मनासारखं झालं की फाइल उघडायची, स्क्रीनवर बोट ठेवून वरून खाली यायची, आणि जिथं जिथं बासष्ट सापडेल तिथं तो खोडून मशीनला खरं विचारणारी ओळ लिहायची. बासष्ट हा तिच्या जन्मघराचा नंबर. मोजणीवाल्यांनी दारावर निळ्या रंगानं लिहिलेला. मोजणी झाली, नंबर पडला, आणि कागद दाखवता आला नाही म्हणून पाच वर्षांनी ते घर एका सकाळी पाडलं. माणूस समोर उभा आहे, त्याची भांडी रस्त्यावर पडलीयत, आणि साहेब विचारतो, तुम्ही इथं राहता याला पुरावा काय? त्या सकाळचा राग घड्याळवालीच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा राहिला.

म्हणून आबांचं काम तिला आपलं वाटायचं. आबा वस्तीतल्या प्रत्येक घराचे कागद स्कॅन करून ठेवत होते. लाइटची बिलं, शाळेचे दाखले, जुन्या पावत्या, मोजणीच्या चिठ्ठ्या. कागद कुजतो, जळतो, उंदीर खातात. मशीनमधला राहतो, असं आबा सांगायचे आणि लोकांच्या हातात त्यांचे मूळ कागद परत ठेवायचे.

त्यांना तिनं मोठ्ठा डायल दिला, कारण त्यांची नजर अधू होती. पट्ट्या, टक्के त्यांना कळायचे नाहीत, म्हणून डिस्कवरच्या जागेसाठी एक पिंपळाचं पान काढलं. जागा भरपूर असली की हिरवं, भरत आली की पिवळं, संपली की वाळकं. पानासाठी आबांनी तिला चार वेळा माघारी पाठवलं. देठ बारीक झाला, शिरा दिसत नाहीत, हिरवा फिका वाटतो. चौथ्या वेळी तिचं डोकं फिरलं.

"आबा, मी घड्याळ करतेय की झाड लावतेय? झालं आता. आता मी त्याला हात लावणार नाही, आणि तुम्हीपण लावू नका."

"बरं बाई," आबा म्हणाले. "तुझ्या रागाला पण एक पट्टी काढ स्क्रीनवर. आम्हाला आधी कळत जाईल."

त्याच दिवशी नऊ तासांचे नऊ आवाज भरले. दहा ते सहा. अकराचा होता, "अकरा वाजले, रांगेत भांडू नका, कागद सगळ्यांचेच महत्त्वाचे आहेत." एकचा, "एक वाजला, जेवला नसाल तर जेवून या." मग ती थीम ऑफिसच्या मशीनवर बसली, आणि तीन वर्षं वस्तीनं आबांच्या आवाजात दिवस मोजला.

गेल्या उन्हाळ्यात खालच्या गल्लीला आग लागली. त्रेचाळीस घरं गेली. माणसं वाचली, कागद गेले. लोक राख झटकत सरळ आबांकडे आले. आबांनी यादी उघडली. त्रेचाळीस घरांची नावं होती, तारखा होत्या, वेळा होत्या. फाइल उघडली की आत काही नाही. एक उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली. सगळ्या कोऱ्या.

"दिवसभर बसून झोपा काढत होता म्हातारा," असं पहिल्या दिवशी म्हटलं गेलं. आठवड्यानं म्हटलं गेलं की झोपा काय काढतो, कुणीतरी सांगूनच कोरं ठेवून घेतलं असणार. आबांनी भांडण केलं नाही. ते एवढंच म्हणत राहिले, "मी ठेवले होते. पान हिरवं होतं." पान म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही, लोक म्हणाले, म्हाताऱ्याची अक्कल गेली. दोन महिन्यांनी एका सकाळी आबा उठलेच नाहीत.

आणि आज त्यांची लेक ते मशीन ओढगाडीवर घालून घेऊन आली होती. ती बेकरीत पॅकिंगला होती, पहाटे जायची, दुपारी सुटायची. बाहीवर अजून पीठ होतं. तिनं मशीन टेबलावर ठेवलं आणि उभ्यानंच बोलली.

"वस्तीच्या समितीवाले भंगारात देणार होते. मी मागून आणलं. यातून बाबांचा आवाज काढून दे मला. बाकी काही नको."

"बस तरी. पाणी घे."

"नको. लोक बघतात. तुझ्या घरी बसले तर तुला पण नावं ठेवतील." ती दारात वळली. "सहाला येते."

घड्याळवालीला तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. कारण सकाळीच छापखान्यात तिनं समितीचा अर्ज टाइप केला होता. दहा दिवसांवर, जळालेल्या त्रेचाळीस घरांची जागा कुणाची हे ठरवणारी सरकारी सुनावणी होती, आणि अर्जात तिच्याच बोटांनी उमटलेलं वाक्य होतं: माजी कारकुनाच्या बेइमानीमुळे आमचे पुरावे नष्ट झाले. टाइप करताना तिनं मनाशी म्हटलं होतं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, जिवंत माणसांची घरं महत्त्वाची.

पेचकस शोधून तिनं पुन्हा खुर्ची ओढली. मशीनचा पंखा घरघरत होता, दम लागलेल्या माणसासारखा. स्क्रीनवर मोठा डायल, कडेला आबांना न कळणाऱ्या दोन बारीक पट्ट्या, खाली पान. हिरवंगार, तीन वर्षांपूर्वी होतं तसंच. तिनं नऊ आवाज निवडले आणि एकत्र बांधून एक फाइल करायला सांगितलं. लहानसं काम.

मशीननं एक पाटी दाखवली. इंग्रजीत. डिस्कवर जागा नाही.

ती पाटीकडे बघत राहिली. मग पानाकडे. मग पुन्हा पाटीकडे.

"खोटं बोलतंय," ती मशीनला म्हणाली. पण दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते तिच्या हातांना आधी कळलं होतं.  तिनं थीमची फाइल उघडली. बोट स्क्रीनवर ठेवून वरून खाली आली. घड्याळ, खरी ओळ. तापमान, खरी ओळ. मेमरी, खरी ओळ. पान.

बासष्ट.

तीन वर्षं पान मशीनला काही विचारतच नव्हतं. बासष्ट टक्के जागा मोकळी, हिरवं राहा, एवढंच त्याला सांगितलेलं. डिस्क भरली त्या दिवशीही हिरवं, आग लागली त्या दिवशीही हिरवं, आबा गेले त्या सकाळीही हिरवं. चौथ्या वेळी रागानं "आता हात लावणार नाही" म्हटलं, ते तिनं खरंच पाळलं होतं. शेवटचं बोट फिरवायचं राहून गेलं.

तिनं यादी तारखेनं लावली. कोऱ्या फाइली सुरू होत होत्या आगीच्या चौदा महिने आधी, एका मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्यानंतरची प्रत्येक फाइल कोरी, आणि खालच्या गल्लीची पाळी त्यानंतरच आली होती. आबा कागद काचेवर ठेवायचे, स्क्रीनवर कागद दिसायचा, ते नाव टाकायचे, ती इंग्रजी पाटी यायची. आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटायचं, मशीन झालं म्हणतंय. ते बटण दाबायचे, यादीत नाव आलेलं बघायचे, पानाकडे बघायचे, आणि पुढच्याला बोलवायचे.

आणि मग तिला ते आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा ते खोलीत येऊन उभं राहिलं. मागच्या वर्षी आबा छापखान्याच्या पायरीवर आले होते. हातात पिशवी, कपाळावर घाम.

"पोरी, एक विचारू? ते पान वाळत कसं नाही गं? एवढे कागद घातले आत. झाडाचं पण गळतं."

समोर गिऱ्हाईक होतं. चार माणसांत म्हातारा आपल्या कामात खोट काढतोय असं तिला वाटलं. तिनं मान वर न करता उत्तर दिलं होतं, आणि सगळे हसले होते.

"माझं पान आहे आबा, वाळायचं नाही."

आबाही हसले होते. "मग बरं," म्हणाले होते, आणि पायरी उतरून गेले होते.

"चार वाजले," मशीन म्हणालं.

ती दचकून मागं सरकली. चारच्या आवाजात काय आहे ते ती विसरून गेली होती.

"चार वाजले. पाणी प्या सगळ्यांनी." मग खोकला, लांब, ओला. आणि त्याच्यामागं एका बाईचं हसू, मोकळं, खिदळणारं. "आबा, खोकला राहिला की त्यात!" "राहू दे. माझाच आहे."

आवाज थांबला. पंखा घरघरत राहिला. त्या खोलीत आता ती एकटी नव्हती. तीन वर्षांपूर्वीची ती हसत टेबलापलीकडे उभी होती, आणि हिला तिच्याकडे बघवेना.

तिनं पुढं जे केलं ते तिला नंतर कधी स्वतःशीही नीट सांगता आलं नाही. तिनं बासष्ट खोडला. खरी ओळ लिहिली. जतन करायला जागा नव्हती, म्हणून फालतू चार फाइली उडवल्या, मग जतन केली. पान क्षणभर नाहीसं झालं आणि परत आलं तेव्हा वाळलेलं होतं. तपकिरी, कडा मुरडलेल्या. वाळकं पान तिनंच काढलं होतं, पण तिनं ते या मशीनवर कधी पाहिलं नव्हतं. आता कुणी बघितलं तर म्हणेल, पान तर वाळलेलं आहे, म्हाताऱ्यानंच लक्ष दिलं नाही. एका ओळीचा फरक. जगात दुसऱ्या कुणाला ती फाइल वाचता येत नव्हती.

आई आतून आली. तिनं मुलीपुढं चहाची बशी धरली, ती मुलीनं घेतली नाही.

"काय झालं? तोंड का असं पांढरं?"

"आई, आबा पान पान करत होते ना..."

"हो. भ्रमिष्ट झाला होता बिचारा."

"नव्हते झाले."

आईनं बशी खाली ठेवली. स्क्रीनवरचं तिला काही कळत नव्हतं. लेकीच्या तोंडावरचं सगळं कळत होतं. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "आपलं घर पाडलं त्या दिवशी तो साहेब म्हणाला होता, चूक आमची नाही, यादीतच तुमचं नाव नाही. तू त्याला दगड मारला होतास. आठवतंय?"

"लागला नाही त्याला."

"नाही लागला," आई म्हणाली आणि टोपली घेऊन पुन्हा दारात जाऊन बसली.

घड्याळवालीनं फाइल उघडली आणि बासष्ट परत लिहिला. पान हिरवं झालं. तिनं ते तसंच ठेवलं.

"सहा वाजले. कुलूप दोनदा ओढून बघा, आणि घरी जा," आबा म्हणाले, तेव्हा आबांची लेक दारात उभी होती. आवाज ऐकून तिनं चौकट धरली. घड्याळवालीनं तिला खुर्चीत बसवलं, स्वतः उभी राहिली, आणि एका दमात सांगितलं. बासष्ट, पान, चौथी वेळ, पायरीवरचं उत्तर. काही वगळलं नाही. मग तिच्यासमोर ओळ बदलली. पान वाळलं.

लेक पानाकडे बघत होती. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी?"

"हो."

"बाबा शेवटी मला पण विचारत होते, पान हिरवं होतं की नाही गं. मी म्हटलं, बाबा, गप्प बसा, लोक हसतात." तिनं बाहीवरचं पीठ झटकलं, पुन्हा पुन्हा, पीठ नव्हतं तिथंही. "मी गप्प बसवलं त्यांना."

घड्याळवालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं केला. तिनं तो झटकला.

दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत मशीन टेबलावर होतं. अध्यक्ष प्लंबर होते, अंगानं आडवे, बोलायला तिखट. त्रेचाळीस घरांतली माणसं भिंतीला टेकून उभी. घड्याळवालीनं पान हिरवं केलं, वाळवलं, परत हिरवं केलं, परत वाळवलं. 

"म्हणजे मीटर अडकलेला होता," प्लंबर शेवटी म्हणाले. "पाणी किती पण जाऊ दे, काटा हलत नाही."

"अडकलेला नव्हता. मी जोडलाच नव्हता."

"आणि आम्ही म्हाताऱ्याला..." मागून एका बाईनं सुरुवात केली आणि पदर तोंडाला लावला.

"रडायचं नंतर," घड्याळवाली म्हणाली. तिचा आवाज चढला, कारण तिला दुसरा आवाज येत नव्हता. "आधी ऐका. ती यादी बघा. प्रत्येक नावापुढं तारीख आणि वेळ आहे, ती मशीननं टाकलीय, माणसानं नाही. आबा बेइमान ठरले तर ती यादी रद्दी. आबा खरे असले तर त्या त्या दिवशी तुम्ही कागद घेऊन इथं आला होता याचा तो पुरावा आहे. अर्ज मी पुन्हा टाइप करते. बेइमानी काढा. माझं नाव घाला, माझी चूक घाला, खाली मी सही करते."

"सुनावणीत तुझे वाभाडे काढतील," प्लंबर म्हणाले.

"काढू द्या."

काढले. सुनावणीला साहेबांनी तिला विचारलं, तुमचं शिक्षण किती, तुम्हाला हे काम कुणी दिलं, एका पानावर तुम्ही आम्हाला विश्वास ठेवायला सांगता? तिनं नववी म्हणून सांगितलं आणि ओठ दाबून उभी राहिली. साहेबांनी यादी ठेवून घेतली. रद्दी म्हणाले नाहीत. निकाल अजून यायचा आहे. पण त्रेचाळीस घरांच्या जागेला तोवर हात लावू नये असं लिहून आलं आहे.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं आपला स्पीडोमीटर काढून टाकला. खानावळवालीनं पातेलं ठेवलं, पण आता ती कॉम्प्युटरला हात लावून बघते, तापलाय का. घड्याळवाली नवी थीम कुणाला देत नाही. जुन्या सगळ्या मात्र तिनं घरोघरी जाऊन तपासल्या. दुसरा बासष्ट कुठं निघाला नाही. त्यानं तिचं काही हलकं झालं नाही.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी ती नऊ आवाजांची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आबांच्या लेकीकडे गेली होती. लेकीनं तो घेतला आणि हातात फिरवत राहिली.

"मशीनमधून काढलेस का?"

"काढते. ही तुझी. तिकडचे पुसून टाकते."

"पुसू नकोस." लेक पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत होती. "तिथंच राहू दे. आणि ऑफिसात आता कुणीतरी बसायला लागेल ना? लोकांचे कागद पुन्हा घ्यायला लागतील. तू बस. बाबांच्या खुर्चीत. रोज ऐक."

तो शाप होता की माफी, हे घड्याळवालीनं विचारलं नाही. विचारायचा तिला हक्क नव्हता.

आता छापखाना दुपारी बाराला सुटला की ती टाकीशेजारच्या खोलीत जाते. डिस्क नवी आहे, मोठी आहे. पान हिरवं आहे, आणि त्याच्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. प्रत्येक कागद ठेवला की ती फाइल पुन्हा उघडते, ज्याचा कागद त्याला खुर्चीत बसवून दाखवते, नाव वाचायला लावते, मगच पुढच्याला बोलवते. रांग लांबते. लोक कुरकुरतात. भिंतीवरच्या उन्हाची तिरीप टेबलावर आली की तिची बोटं आपोआप मंद होतात, कारण तिला कळतं, आता चार वाजणार.

"चार वाजले. पाणी प्या सगळ्यांनी."

खोकला येतो. मग ते हसू येतं, आणि रांगेतलं कुणीतरी नवखं दरवेळी विचारतं, ही हसणारी कोण?

"मी," घड्याळवाली म्हणते, आणि काचेवर पुढचा कागद ठेवते.